बाळसें कीं सूज? : लहान मुलांचा लठ्ठपणा आणि गरिबी

अंगानें भरलेलें मूल पाहिलें म्हणजे "खात्यापित्या घरचें दिसतें" असें आपल्याकडे सहज म्हटलें जातें. आजवर तें बहुतांशीं खरेंही होतें. ज्या घरांत कणगी भरलेली आणि गोठ्यांत दुभतें जनावर, त्या घरचें मूल बाळसें धरी. ज्या घरीं चूल पेटण्याचीच भ्रांत, त्या घरचें मूल हाडकुळें राही. लठ्ठपणा श्रीमंताच्या वांट्याचा आणि रोडपणा गरिबाच्या वांट्याचा, ही समजूत इतकी जुनी आहे कीं, गरिबीमुळें मुलें लठ्ठ होतात असें कोणीं म्हटल्यास ऐकणारास ती थट्टा वाटावी. तथापि गेल्या तीस-चाळीस वर्षांत अनेक देशांत हीच गोष्ट घडून आली आहे, आणि तिचीं पावलें आपल्या उंबऱ्याशींही उमटूं लागलीं आहेत. आपल्या म्हाताऱ्या बायका सूज आणि बाळसें यांतील भेद पाहतांक्षणीं ओळखीत. तोच भेद आज नव्यानें समजून घेण्याची वेळ आली आहे.

शेतकीच्या मासिकांत हा विषय कशास, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमचें उत्तर एवढेंच कीं, मूल जें खातें तें कोठें ना कोठें शेतांतच पिकलेलें असतें. कोणतें पीक स्वस्त झालें, कोणतें महागलें आणि कोणतें शेतांतून हद्दपार झालें, यावर मुलाच्या ताटांत काय पडेल हें ठरतें. शिवाय आपण शेतकरी आतां नुसते पिकवणारे राहिलों नाहीं. आपल्या घरचें पुष्कळसें अन्न आपणही बाजारांतूनच आणतों. म्हणून हा प्रश्न वैद्यांचा जितका, तितकाच आपला आहे.

लठ्ठपणा कशास म्हणावा

मूल लठ्ठ आहे कीं नाहीं, हें नुसत्या डोळ्यांनीं ठरवूं नये. प्रौढ माणसाच्या बाबतींत किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारा आंकडा पाहतात. मूल वाढत असल्यामुळें त्यास एकच आंकडा सरसकट लावतां येत नाहीं. त्याचें वय, आणि तें मुलगा आहे कीं मुलगी, हें ध्यानांत घेऊन तक्त्यावरून ठरवावें लागतें. असे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेनें पांच वर्षांखालील मुलांकरितां सन २००६ मध्यें व पांच ते एकोणीस वर्षांच्या मुलांकरितां सन २००७ मध्यें प्रसिद्ध केले. आपल्या अंगणवाडींत वजन टिपण्याचा जो तक्ता असतो, तो याच मापांवर आधारलेला आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ज्या मुलाची उंची खुंटली आहे, त्याचें वजन वयाच्या मानानें बरोबर दिसूं शकतें. परंतु उंचीच्या मानानें तें अधिक असतें. असें मूल एकाच वेळीं खुजेंही असतें आणि जडही असतें. म्हणून वजन करतांना उंची मोजण्यास विसरूं नये. खुंटलेली वाढ आणि वाढलेली चरबी एकाच शरीरांत राहूं शकतात, ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

आंकडे काय सांगतात

या बाबतींत इंग्लंड देशाचा पुरावा सर्वांत स्वच्छ आहे. तेथें सन २००५-०६ पासून सरकारी शाळांतील मुलांचें वजन व उंची दरवर्षीं मोजली जाते. प्रथम शाळेंत येणाऱ्या चार-पांच वर्षांच्या मुलांची, आणि मग दहा-अकरा वर्षांच्या मुलांची. सन २०२२-२३ मध्यें या मोठ्या मुलांपैकीं शेंकडा २२.७ लठ्ठ आढळलीं. परंतु वस्तीवार वांटणी केली असतां अत्यंत गरीब वस्त्यांत हें प्रमाण शेंकडा ३०.२ आणि अत्यंत सुखवस्तु वस्त्यांत शेंकडा १३.१ निघालें. म्हणजे गरिबाचें मूल लठ्ठ असण्याचा संभव दुपटीहून अधिक. लहान वर्गांतही हाच दुपटीचा फरक दिसतो.

दुसरें उदाहरण मेक्सिकोचें. हा मक्याचा आणि घेवड्याचा देश. मक्याची पातळ भाकरी, घेवडा, मिरची आणि भोपळा हें तेथील शेतकऱ्याचें पिढीजात जेवण. ता. १ जानेवारी १९९४ पासून अमेरिका व कॅनडा यांच्याशीं खुल्या व्यापाराचा करार अमलांत आला. अमेरिकेचा स्वस्त मका देशांत येऊं लागला आणि गोड पेयें व पुड्यांतील खाणें खेडोपाडीं पोहोंचलें. सन २०१२ च्या राष्ट्रीय पाहणींत पांच ते अकरा वर्षांच्या मुलांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक मुलें प्रमाणाबाहेर वजनाचीं आढळलीं. त्याच देशाच्या गरीब खेड्यांत आई लठ्ठ आणि मूल खुजें, अशीं कुटुंबेंही आढळतात. एका चुलीवर शिजलेलें अन्न एकास फुगवतें आणि दुसऱ्यास खुंटवतें, याहून मोठें कोडें कोणतें?

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या देशांत अजून लठ्ठ मुलें अधिक प्रमाणांत सुखवस्तु घरांतच आढळतात, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु वारें कोणीकडे वाहत आहे तें पाहावें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें पांच वर्षांखालील प्रमाणाबाहेर वजनाचीं मुलें भारतांत सन २०१५-१६ मध्यें शेंकडा २.१ होतीं, तीं सन २०१९-२१ मध्यें ३.४ झालीं. महाराष्ट्रांत तोच आंकडा १.९ वरून ४.१ वर गेला. आणि याच राज्यांत याच काळांत शेंकडा ३५ च्या आसपास मुलें उंची खुंटलेलीं होतीं. रोडपणा गेला आणि मग लठ्ठपणा आला, असा क्रम येथें नाहीं. पहिला पाहुणा उठण्यापूर्वींच दुसरा येऊन बसला आहे. जगाच्या मानानेंही सन २०२५ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीनें असें जाहीर केलें कीं, पांच ते एकोणीस वर्षांच्या मुलांत लठ्ठांचें प्रमाण (शेंकडा ९.४) प्रथमच कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणाहून (शेंकडा ९.२) अधिक झालें. देश गरीब असतो तोंवर लठ्ठपणा श्रीमंतांत राहतो. देशाचें उत्पन्न वाढूं लागलें म्हणजे तो हळूहळू गरिबांकडे सरकतो, असा आजवरचा अनुभव आहे. आपण त्या वळणावर उभे आहों.

नुसत्या युरियाचें पीक

एखाद्या शेतास शेणखत नाहीं, स्फुरद नाहीं, पालाश नाहीं, नुसता युरिया भरपूर घातला तर काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पीक काळेंभोर होतें, जोमानें वाढतें, आणि बांधावरून जाणारा वाटसरू क्षणभर थांबून पाहतो. परंतु ताट कमकुवत राहतें, किडी त्यावर तुटून पडतात, पहिल्या वाऱ्यास तें लोळतें आणि मळणीच्या वेळीं दाणा भरलेला नसतो. त्या पिकास खाणें कमी पडलें असें कोणी म्हणणार नाहीं. आणि तरीही तें उपाशीच होतें. गरिबीतील लठ्ठ मुलाची अवस्था अगदीं अशीच आहे. त्याच्या शरीरास जळण भरपूर मिळतें, पण बांधणीचें साहित्य मिळत नाहीं. जळण म्हणजे पिठूळ पदार्थ, साखर आणि तेल. बांधणीचें साहित्य म्हणजे डाळ, दूध, अंडीं, मासे, भाज्या व फळें यांतून मिळणारीं प्रथिनें, क्षार आणि जीवनसत्त्वें.

मग आई मुलास भाजी-डाळ सोडून बिस्किटें कां देते? कारण तिचा हिशेब चोख असतो. शंभर ग्रॅम पालेभाजींतून पंचवीस ते पन्नास कॅलरी उष्णता मिळते; तितक्याच वजनाच्या बिस्किटांतून साडेचारशेंच्या आसपास. तेलाच्या एका ग्रॅमांत नऊ कॅलरी, साखरेच्या एका ग्रॅमांत चार. हातीं पांच रुपये असतील आणि मूल भुकेनें रडत असेल, तर पांच रुपयांची मेथी त्यास गप्प करूं शकत नाहीं. पांच रुपयांचा पुडा करूं शकतो. त्यास चूल लागत नाहीं, तो नासत नाहीं, आणि मूल तो कधीं नाकारीत नाहीं. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. नवी भाजी मुलाच्या जिभेस रुचण्यापूर्वीं ती त्यास पुष्कळ वेळां द्यावी लागते, आणि दर वेळीं तें ती टाकतें. सुखवस्तु आईस ती टाकलेली वाटी परवडते. मजुरी करणाऱ्या आईस नाहीं. गरिबास अन्न वायां घालवण्याची सोय नसते. म्हणून तो जें नक्की खाल्लें जाईल तेंच आणतो. याला अज्ञान म्हणणें अन्यायाचें आहे.

या स्वस्त खाण्याचा आणखी एक गुण असा कीं, तें पोट भरल्याची जाणीव लौकर होऊं देत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल यांनीं केलेला एक प्रयोग सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. वीस प्रौढ माणसांस दोन आठवडे कारखान्यांत तयार झालेले पदार्थ व दोन आठवडे साध्या जिनसांपासून रांधलेलें अन्न देण्यांत आलें. दोन्ही जेवणांत साखर, चरबी व चोथा यांचें प्रमाण सारखें ठेवलें होतें, आणि हवें तेवढें खाण्याची मुभा होती. कारखान्याच्या खाण्यावर असतांना हींच माणसें दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात, आणि दोन आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें एक किलोनें वाढलें. हीं माणसें प्रौढ होतीं. पण ज्या खाण्यापुढें प्रौढाची भूकही आपला अंदाज चुकते, तेथें मुलानें स्वतःस आंवरावें ही अपेक्षा व्यर्थ आहे. गोड पेयांची गोष्ट तर याहून वाईट. एका लहान बाटलींत पांच-सहा चमचे साखर सहज असते, आणि ती पाण्याच्या वाटेनें गेल्यामुळें पुढच्या जेवणाची भूक तिनें फारशी कमी होत नाहीं.

वेळ, जागा आणि चिंता

गरिबी म्हणजे केवळ पैशाची चणचण नव्हे. तींत वेळेची चणचण असते, जागेची असते आणि मनाच्या स्वास्थ्याचीही असते. पहाटे कामावर जाऊन दिवेलागणीस परतणाऱ्या आईस डाळ निवडून, भाजी चिरून, भाकऱ्या थापण्यास जो तास लागतो, तो तिच्याजवळ नसतो. शहरांतील झोपडपट्टींत राहणाऱ्या मुलास खेळण्यास अंगण नसतें. रस्त्यावर वाहनांची भीति असते. मग दार लावून त्यास पडद्यासमोर बसवणें हाच सुरक्षित मार्ग ठरतो. त्या पडद्यावर त्यास पुन्हां त्याच पुड्यांच्या जाहिराती दिसतात. एका खोलींत सहा माणसें झोपत असतील तर झोप पुरी होत नाहीं. आणि ज्या मुलांस झोप अपुरी मिळते त्यांचें वजन अधिक वाढतें, असें अनेक पाहण्यांत दिसून आलें आहे.

ज्या घरांत पगाराच्या दिवशीं चंगळ आणि महिनाअखेर खडखडाट असतो, तेथें मूल एक धडा लौकर शिकतें: आहे तेव्हां खाऊन घ्यावें. दुष्काळाच्या प्रदेशांतील गुरें पहिल्या पावसाच्या कोंवळ्या गवतावर तुटून पडतात आणि त्यांचीं पोटें फुगतात, हें आपण पाहिलेलें आहे. त्यांस कोणी अधाशी म्हणत नाहीं.

कांहीं लोक म्हणतात कीं लठ्ठपणा आनुवंशिक आहे. त्यांत तथ्य आहे. कोणाचें शरीर चरबी लौकर सांठवतें, कोणाचें सांठवीत नाहीं, हें बरेंचसें जन्मतःच ठरतें. पण मनुष्याचें बीज तीस वर्षांत बदलत नाहीं, आणि लठ्ठ मुलांची संख्या तर तीस वर्षांत कित्येक पटींनीं वाढली. बियाणें तेंच आहे; बदलली ती जमीन आणि हवा.

आईच्या पोटांतील उणीव

गरिबीचा आणि चरबीचा संबंध मूल जन्मण्यापूर्वींच जुळतो, हा शोध आपल्याच पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत दृढ झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असावी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं सन १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गांवांतील शेतकरी कुटुंबांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्या मातांचें वजन गरोदरपणापूर्वीं सरासरी सुमारे ४२ किलो होतें. त्यांचीं बाळें जन्मतः सरासरी २.७ किलोचीं, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बाळें सुमारे ३.५ किलोचीं. परंतु बारकाईनें मोजतां असें दिसलें कीं, आपल्या बाळांत कमी होते ते स्नायु आणि पोटांतील अवयव. कातडीखालची चरबी त्या मानानें मुळींच कमी नव्हती. म्हणजे दिसण्यांत कृश आणि आंतून चरबीदार. आईच्या पोटांत टंचाई असतां गर्भ आधीं मेंदूची सोय लावतो, चरबीची शिल्लक राखतो, आणि स्नायूंच्या बाबतींत काटकसर करतो. अशा शरीरावर पुढें बिस्किटें आणि गोड पेयें यांचा मारा झाला, तर स्नायु थोडे असल्यामुळें तीं साखर खर्चूं शकत नाहींत, आणि मधुमेह तरुणपणींच दार ठोठावतो.

या अभ्यासांतील आणखी दोन गोष्टी आपण शेतकऱ्यांनीं मनांत कोरून ठेवाव्या. पहिली ही कीं, आई एकंदर किती खाते यापेक्षां ती काय खाते याचा संबंध बाळाच्या वाढीशीं अधिक दिसला; ज्या माता गरोदरपणीं दूध, हिरव्या पालेभाज्या व फळें अधिक वेळां खात, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं जन्मलीं. दुसरी ही कीं, ज्या मातांस गरोदरपणीं शेताचें व पाणी वाहण्याचें काम अधिक पडे, त्यांचीं बाळें लहान जन्मलीं. शिवाय बहुसंख्य मातांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. हें जीवनसत्त्व दूध, अंडीं, मांस, मासे यांतूनच मिळतें. आतां पहाटे डेअरीवर किटल्यांची जी रांग लागते ती डोळ्यांसमोर आणावी. गोठ्यांतील दूध शेवटच्या थेंबापर्यंत किटलींत जातें, आणि घरांतील गरोदर सून व लहान मूल चहांत बिस्किट बुडवून दिवसास आरंभ करतात. दूध विकून आलेल्या पैशांतूनच तें बिस्किट येतें. हा व्यवहार नफ्याचा कीं तोट्याचा, याचा हिशेब वहींत कोठें मांडलेला नसतो.

शेतांतून ताटाकडे

हरितक्रांतीनें देशास गहू व तांदूळ पोटभर दिला, हे तिचे उपकार विसरतां येणार नाहींत. सन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरीब कुटुंबांतील दर माणशीं दरमहा पांच किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून तें धान्य मोफत झालें. उपासमार टाळण्यास हें मोठें साधन आहे. परंतु त्यांत मुख्यतः गहू-तांदूळच येतो. डाळ, तेल आणि भाजी बाजारभावानेंच घ्यावी लागते. आपल्या ज्वारी-बाजरीचें क्षेत्र घटत गेलें. तुरींतील, कपाशींतील मटकी-मुगाचें आंतरपीक पुष्कळ ठिकाणीं नाहींसें झालें. गांवोगांवच्या तेलघाण्या बंद पडल्या. आज देशास लागणाऱ्या खाद्य तेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें, आणि त्यांत मोठा वांटा पामतेलाचा असतो. सन २०२२ च्या दिवाळींत राज्य सरकारनें शिधापत्रिकाधारकांस शंभर रुपयांत जो संच दिला, त्यांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असे चार जिन्नस होते. सणास गोडधोड व्हावें हा हेतु चांगलाच. पण स्वस्त अन्न म्हटलें कीं काय डोळ्यांसमोर येतें, हें त्यावरून कळतें.

उसाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. उसास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. अनेक घरांचीं छपरें, मुलांच्या शाळा आणि मुलींचीं लग्नें उसावर झालीं आहेत. शेतकरी ऊस लावतो, कारण उसास ठरलेला दर आणि घेणारा कारखाना असतो. तुरीस हमीभाव जाहीर होतो, पण तो देणारें खरेदीकेंद्र हंगामांत वेळेवर उघडेल याची खात्री नसते. म्हणजे ज्या हिशेबानें ती आई बिस्किटाचा पुडा घेते, त्याच हिशेबानें आपण ऊस लावतों. दोघांचाही हिशेब बरोबर आहे, आणि दोघांच्या बरोबर हिशेबांचा परिणाम मात्र मुलाच्या शरीरावर चुकीचा होतो. या विषयाचें सारें मर्म येथें आहे. दोष खादाडपणाचा नाहीं. जळण स्वस्त आणि बांधणीचें साहित्य महाग, अशी जी बाजाराची मांडणी झाली आहे तिचा आहे.

इतर देशांनीं काय केलें

दोष मांडणीचा आहे, तर उपायही मांडणींतच केला पाहिजे, हें ओळखून मेक्सिकोनें सन २०१४ च्या जानेवारीपासून साखरेच्या पेयांवर दर लिटरीं एक पेसो कर बसवला. पहिल्याच वर्षीं त्या पेयांची खरेदी सुमारे शेंकडा ६ नें घटली, आणि सर्वांत अधिक घट गरीब कुटुंबांत झाली. सन २०२० पासून तेथील पुड्यांवर 'साखर अधिक', 'मीठ अधिक' असे काळे अष्टकोनी शिक्के मारणें सक्तीचें झालें. चिली देशानें असे शिक्के सन २०१६ मध्येंच सुरू केले होते. इंग्लंडांत सन २०१८ पासून पेयांतील साखरेच्या प्रमाणावर कर आला, तेव्हां कारखानदारांनींच कर चुकवण्याकरितां पेयांतील साखर कमी केली. आपल्याकडे सन २०२० च्या नियमांनीं शाळेंत आणि शाळेच्या आवाराबाहेर पन्नास मीटरच्या आंत अधिक साखर, मीठ व चरबी असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. नियम चांगला आहे; तो कागदावर राहूं न देणें हें गांवाचें काम आहे.

आपल्या हातीं काय आहे

सरकारनें करावयाचें तें सरकार करील. पण कित्येक गोष्टी अशा आहेत कीं, त्यांस कोणाची वाट पाहावयास नको.

दूध विकावें, परंतु किटली भरण्यापूर्वीं घरांतील मुलांचा व गरोदर बाईचा पेला बाजूस काढावा. ज्यांस चालतें त्यांनीं चार कोंबड्या ठेवून अंडीं घरांतच खावीं. न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवगा, पपई, अळू, कढीपत्ता आणि दोन वाफे पालेभाजी होते. त्यास वेगळी जमीन लागत नाहीं. बागाईत कितीही असो, घरापुरती तूर, मूग, मटकी व भुईमूग यांस चार गुंठे राखावे. गरोदर सुनेस शेवटच्या महिन्यांत खुरपणीस व हंड्यांस लावूं नये. हा लाड नव्हे, पुढच्या पिढीची ही पेरणी आहे. वयांत येणाऱ्या मुलीच्या ताटांत भावाइतकीच डाळ आणि भाजी पडली पाहिजे, कारण उद्याच्या बाळाचे स्नायु तिच्याच शरीरांतून व्हावयाचे आहेत. मुलाच्या हातीं शाळेस जातांना पैसे देण्याऐवजीं चणे-शेंगदाणे द्यावे. गूळ साखरेहून पौष्टिक म्हणून तो हवा तेवढा द्यावा, हा समजही सोडावा. गूळही बहुतांशीं साखरच आहे.

ज्याचें मूल लठ्ठ आहे त्यानें त्यास उपाशी ठेवूं नये. तें वाढत असतें. त्याचें वजन आहे तेथें राखून उंची वाढूं दिली तरी पुष्कळ काम होतें. पुडे व गोड पेयें बंद करावीं, डाळ-भाजी वाढवावी, आणि त्यास खेळावयास मोकळें सोडावें. त्यास हिणवूं नये, नांवें ठेवूं नयेत. हिणवलेलें मूल खेळावयास बाहेर पडत नाहीं आणि एकटेंच खात बसतें. वजन फारच अधिक असल्यास डॉक्टरांस दाखवावें.

संघाच्या सभासदांनींही एक गोष्ट करण्याजोगी आहे. खत व बियाणें आपण एकत्र खरेदी करतों, कारण एकट्यास तें महाग पडतें. त्याचप्रमाणें सभासदांकडील तूर, मूग व शेंगदाणा सभासदांच्याच व गांवांतील मजुरांच्या घरांकरितां वाजवी भावानें राखून ठेवतां येईल. आपल्या शेतांत राबणाऱ्या मजुराचें मूल आणि ऊसतोडीच्या तळावरील कोपींत राहणारें मूल यांस डाळ मिळत नसेल, तर आपण पिकवलेल्या साखरेचा गोडवा आपणांस तरी कितीसा लागावा?

असो. जमीन पाहून पीक ओळखणें हा आपला धर्म आहे. हिरवेंगार दिसणारें पीक नेहमींच निरोगी असतें असें नाहीं, हें आपण अनुभवानें शिकलों, माती तपासूं लागलों, आणि नुसत्या युरियाचा नाद कमी केला. तीच नजर आतां घरांतील मुलाकडे वळवावी. मूल भरलेलें दिसतें म्हणून समाधान मानण्यापूर्वीं तें कशानें भरलें आहे, हें पाहावें. आणि बाळसें असेल तर आनंद मानावा, सूज असेल तर तिचें मूळ मुलाच्या पोटांत न शोधतां बाजारांत, शेतांत आणि आपल्या किटलींत शोधावें.